पाळी जायच्या वयात केस विरळ होतायत? काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

लक्षणं

केस कोरडे असताना, चांगल्या उजेडात आरशासमोर बसा आणि खालीलपैकी तुमचं नेमकं कोणतं ते ठरवा.

- मधला भांग रुंद झालाय. पूर्वी रेघ होती, आता पट्टी दिसते. पुढची केसांची कड मात्र जागेवर आहे.
- वेणी खाली येईपर्यंत शेपटीसारखी बारीक होते. रबरबँडचे दोन वेढे पुरायचे, आता चार लागतात.
- डोकं धुतल्यावर मोरीच्या जाळीवर पुंजका साचतो. उशीवर केस, कपड्यांवर केस.
- गळताना फारसं काही दिसत नाही, पण केस हाताला लागत नाहीत.
- केसांचे आखूड तुकडे खांद्यावर पडतात.
- कपाळावरची केसांची कड मागे सरकते आहे, भुवयाही विरळ झाल्यात.
- एखादी गोल, गुळगुळीत जागा पूर्ण मोकळी झाली आहे.
- टाळूला आग होते, दुखतं, केसांच्या मुळाशी लाली किंवा खपल्या दिसतात.

शेवटच्या तिघांपैकी एक जरी असेल तर मधलं सगळं सोडा आणि खालच्या "इथे थांबा" या भागाकडे जा. बाकीच्यांनी क्रमाने चला.

वीसहून जास्त वर्षं मी बायकांचे केस धुते, कापते, रंगवते. मी डॉक्टर नाही. पण पंचेचाळीस ते पंचावन्न या वयातल्या बायकांची टाळू मी वरून, जवळून आणि वर्षानुवर्षं बघत आले आहे. ती त्यांना स्वतःला कधी नीट दिसतच नाही. खुर्चीत बसल्यावर बहुतेक जणी एकच वाक्य बोलतात, "पाळी जायला आली ना, आता हे असंच चालायचं." हे ऐकलं की मला राहवत नाही, कारण पुष्कळदा ते अर्धंच खरं असतं.

मी स्वतःही याच चुकीतून गेले आहे. वयाच्या ४६ ते ५१ या काळात माझे केस तीनदा गळायला लागले. तिन्ही वेळा पुंजका तसाच आणि तो बघून काळजात धस्स होणंही तसंच. पहिल्यांदा मी पाळीला दोष दिला आणि एक महागडा शाम्पू आणला. तीन-चार महिन्यांत गळणं थांबलं. ते आपोआपच थांबणार होतं, पण श्रेय शाम्पूला मिळालं. म्हणून दुसऱ्या वेळी तोच शाम्पू लावत मी आठ महिने काढले, आणि तेवढे दिवस अंगातलं लोह संपत राहिलं. तिसऱ्यांदा मात्र कारण खरोखर पाळी जाण्याचंच होतं. तेव्हापासून स्वतःसाठी आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकीसाठी मी एक क्रम ठरवलाय, आणि त्यात पाळीचं नाव सगळ्यात शेवटी येतं.

आधी केसाचा हिशोब

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. एक केस २ ते ६ वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, त्यानंतर जवळजवळ तीन महिने तो मुळाशी नुसता बसून राहतो आणि गळतो. त्याच जागेतून नवा केस उगवतो. कुठल्याही दिवशी बघितलं तर दहातला एखादा केस या बसून राहण्याच्या अवस्थेत असतो. म्हणून दिवसाला ५० ते १०० केस गळणं हा आजार नव्हे.

बिघाड मुख्यतः दोन तऱ्हांनी होतो. एका तऱ्हेत शरीराला काहीतरी धक्का बसतो, खूपसे केस वेळेआधीच बसून राहतात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. यात मूळ शाबूत असतं, केस परत येतात. दुसऱ्या तऱ्हेत मूळच दर फेरीला थोडं थोडं लहान होत जातं. केस येतो, पण आधीपेक्षा बारीक आणि आखूड, आणि वाढीचा काळही कमी. पाळी जाताना होतं ते हे. इस्ट्रोजेन हे बायकी संप्रेरक उतरतं, पुरुषी म्हणवली जाणारी संप्रेरकं त्या मानाने कमी उतरतात, आणि ज्यांच्या केसांची मुळं या पुरुषी संप्रेरकांना हळवी असतात त्यांचा भांग हळूहळू रुंदावतो. ही क्रिया वर्षानुवर्षं चालते. एका महिन्यात ओंजळभर केस गेले तर त्यामागे बहुधा पहिल्या तऱ्हेचं कारण असतं, किंवा दोन्ही एकमेकांवर चढलेली असतात. या वयात दोन्ही एकत्र असणं फार दिसतं, आणि गोंधळ तिथेच होतो.

१. गळतायत की तुटतायत?

पाच मिनिटं लागतात, खर्च शून्य. विंचरल्यावर पडलेले वीस-पंचवीस केस गोळा करून गडद रंगाच्या कापडावर पसरा आणि प्रत्येकाची दोन्ही टोकं बघा.

एका टोकाला पांढरट बारीक गाठ असेल तर तो केस पूर्ण वेळ बसून मग गळलेला आहे. ही गाठ बघून बायका घाबरतात, "अगं, मुळासकट आला!" म्हणतात. मूळ आलेलं नसतं, ते टाळूतच असतं. नवा केस तिथूनच येतो.

दोन्ही टोकांना गाठ नाही आणि लांबीही अर्धवट, म्हणजे केस मधूनच तुटलेला. बहुतेक केस असे निघाले तर तपासण्या, गोळ्या यांच्या मागे लागू नका. दोष बाहेरून लागतोय: सरळ करण्याची गरम पट्टी, ब्लीच, केस सरळ करण्याची रसायनं, ओल्या केसांत घातलेला बारीक दातांचा कंगवा, टॉवेलने खसाखसा पुसणं. या वयात केसाचा दांडाही कोरडा आणि बारीक होतो, त्यामुळे पस्तिशीत जे चालून गेलं ते आता चालत नाही. तीन महिने उष्णता आणि रसायनं पूर्ण बंद ठेवा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे त्याआधी फरक शोधू नका.

२. कॅलेंडर काढा आणि तीन महिने मागे जा

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त उत्तरं इथे सापडतात, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षही इथेच होतं. गळणं ज्या महिन्यात जाणवायला लागलं तिथून दोन ते चार महिने मागचं सगळं आठवा आणि लिहून काढा. तोंडी आठवू नका, लिहाच.

काय शोधायचं? अंथरुणाला खिळवणारा ताप. शस्त्रक्रिया, भूल. वजन पटकन उतरणं, मग ते उपासमारीने असो, आजाराने असो की वजन कमी करण्याच्या इंजेक्शनांनी. घरातला मृत्यू, नोकरी जाणं, आजारी माणसाची रात्रंदिवस केलेली सेवा. संप्रेरकांची गोळी सुरू करणं किंवा बंद करणं. माझ्या पहिल्या वेळेचं कारण याच यादीत होतं: दहा दिवसांचा ताप, आणि बरोबर अकराव्या आठवड्यात मोरीच्या जाळीवर पहिला पुंजका. तेव्हा या दोन गोष्टी मी जोडल्याच नाहीत. ताप विसरलेही होते. अंगात तीन महिन्यांपूर्वी घडलेलं केस आज सांगतो, त्यामुळे माणूस कालच्या शाम्पूला पकडतो.

असं कारण सापडलं आणि ते आता संपलेलं असेल तर करायचं एकच, थांबायचं. गळणं साधारण तीन ते सहा महिन्यांत ओसरतं. भरगच्चपणा दिसायला त्याहून वेळ लागतो, कारण नव्या केसाला खांद्यापर्यंत यायलाच दोन-अडीच वर्षं लागतात. कपाळाच्या कडेने उभे राहणारे आखूड, टोकाला निमुळते केस दिसायला लागले की ते परत येतायत असं समजा. त्यांना तुटलेले समजून तेल लावून चपटे करत बसू नका. या काळात काहीही नवं सुरू करू नका, नाहीतर माझ्यासारखं चुकीच्या गोष्टीला श्रेय जाईल आणि पुढच्या वेळी तीच चूक पदरात पडेल.

कारण सापडलं, पण सहा महिन्यांनंतरही गळणं तसंच आहे? मग आणखी काहीतरी आहे. पुढे चला.

३. मोजून ठेवा

भीतीने दिसतं त्यावर विश्वास ठेवू नका. महिन्यातून एकदा, एकाच खिडकीपाशी, एकाच वेळी, मधला भांग पाडून कोणाला तरी वरून फोटो काढायला सांगा. केस कोरडे आणि बिनतेलाचे हवेत. दुसरा फोटो दोन्ही बाजूंच्या कानशिलांचा आणि कपाळाच्या कडेचा. त्याशिवाय पोनीटेल बांधून तिचा घेर दोऱ्याने मोजा आणि तारखेसह लिहा.

पडलेले केस रोज मोजायचा नाद लावून घेऊ नका. त्याने झोप उडते आणि आकडाही फसवा असतो. आठवड्यातून दोनदा डोकं धुणारीच्या हाताला तीन-चार दिवसांचे केस एकदम लागतात, रोज धुणारीच्या हाताला एका दिवसाचे. तरी चाचणी हवीच असेल तर एक साधी आहे. साधारण ५० ते ६० केसांची बट अंगठा आणि दोन बोटांत मुळाजवळ धरा आणि हलक्या, सलग ओढीने टोकापर्यंत बोटं सरकवा. डोक्याच्या चार ठिकाणी करा. एकेका बटेत सहाहून जास्त केस हातात आले तर गळणं सध्या जोरात आहे. भांग रुंद आहे, पण ओढल्यावर जेमतेम एखादा केस येतो, तर हळूहळू बारीक होण्याच्या प्रकाराकडे बोट जातं.

४. बांधणी आणि धुणं

कानशिलांवर आणि कपाळाच्या कडेलाच केस कमी असतील तर घट्ट वेणी, घट्ट अंबाडा, जड गंगावन किंवा जोडकेस यांची ओढ तपासा. केस सोडल्यावर टाळू ठणकत असेल तर बांधणी घट्टच होती. ओढ लवकर थांबवली तर केस परत येतात, वर्षानुवर्षं चालू ठेवली तर मूळ कायमचं मरतं. बांधणी सैल करायला काहीच लागत नाही, म्हणून ती आजच करा.

आणि केस गळतात म्हणून डोकं धुणं कमी करू नका. जे गळायचे ते गळतातच, फक्त एकदम गळतात, आणि मधल्या काळात कोंडा साचतो. तेलाने केसाच्या दांड्याचं घर्षण कमी होतं, केस कमी तुटतात. त्याने लहान झालेलं मूळ मोठं होत नाही. एवढीच अपेक्षा ठेवून लावायचं असेल तर लावा.

५. टाळू

कोंडा, तेलकट पिवळट पापुद्रे, सौम्य खाज असेल तर आधी तेवढं निस्तरा. टाळूवर दाह असताना बाकीचे उपाय नीट लागू पडत नाहीत. किटोकोनाझोलचा औषधी शाम्पू आठवड्यातून दोनदा, टाळूवर तीन ते पाच मिनिटं ठेवून धुवायचा, चार आठवडे. तेवढ्यात फरक पडला नाही किंवा आग, लाली, दुखणं असेल तर पुढचे प्रयोग करू नका, डॉक्टरांना दाखवा.

६. पोटात काय जातं

केस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच. शरीराला कमी पडायला लागलं की पहिली कपात केसांवर होते, कारण केसांवाचून जीव अडत नाही. दर किलो वजनामागे दिवसाला किमान ०.८ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या बाईला ४८ ग्रॅम. या वयात पोट सुटतं म्हणून कितीतरी जणी एक जेवण सोडून देतात, आणि जेवणासोबत प्रथिनंही सुटतात. तीन दिवस खाल्लेलं लिहून बेरीज करा. आकडा बघून मी स्वतः चकित झाले होते.

केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांबद्दल मात्र सावध राहा. कमतरता नसेल तर त्यांनी केस वाढल्याचं मी कोणाच्याच डोक्यावर बघितलेलं नाही. उलट जीवनसत्त्व अ आणि सेलेनियम जास्त झालं तर त्यानेच केस गळतात. एकाच वेळी तीन डब्यांतल्या गोळ्या चालू असतील तर मागची लेबलं वाचून अशा घटकांची बेरीज करा.

बायोटिनचं वेगळं सांगते, कारण त्याने पुढची पायरीच बिघडते. केसांच्या या गोळ्यांत बायोटिन, म्हणजे ब गटातलं एक जीवनसत्त्व, गरजेच्या कित्येक पट असतं आणि ते काही रक्त तपासण्यांत ढवळाढवळ करतं. थायरॉईडचा आकडा खोटा येऊ शकतो, आणि हृदयविकाराच्या झटक्यात बघतात ती ट्रोपोनिनची तपासणीसुद्धा खोटी कमी दिसू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७मध्ये याबद्दल जाहीर सूचना दिली होती. रक्त द्यायच्या आधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवा, मात्रा मोठी असेल तर किती दिवस ते डॉक्टरांना विचारा, आणि आपण ते घेतो हे प्रयोगशाळेत सांगाच.

७. औषधांचा डबा

घरातली चालू औषधं टेबलावर मांडा. रक्त पातळ ठेवणारी औषधं, बीटा ब्लॉकर गटातली रक्तदाबाची किंवा धडधडीची औषधं, फिट्स आणि मनोविकारांवरची व्हॅल्प्रोएट आणि लिथियम, संधिवातावर दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट, त्वचेसाठीची जीवनसत्त्व अ गटातली औषधं, स्तनाच्या कर्करोगानंतर दिली जाणारी लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल किंवा टॅमॉक्सिफेन, यांनी केस विरळ होऊ शकतात. सुरुवातीची तारीख दुसऱ्या पायरीतल्या कॅलेंडरशी ताडून बघा.

जुळलं तरी औषध स्वतःहून बंद करायचं नाही. केसांसाठी रक्त पातळ ठेवण्याची गोळी सोडणं जिवावर बेतू शकतं. ज्यांनी औषध दिलं त्यांनाच पर्याय विचारायचा.

८. रक्त तपासण्या

इथून पैसे लागतात, म्हणून ही पायरी एवढी खाली. पण वरचं सगळं नीट केलं आणि उत्तर सापडलं नाही तर टाळू नका. डॉक्टर बहुधा रक्ताची पूर्ण तपासणी, फेरिटिन, टीएसएच (थायरॉईडची तपासणी) आणि गरजेप्रमाणे जीवनसत्त्व ड आणि बी १२ सांगतात.

फेरिटिन हे नाव लक्षात ठेवा. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तात सध्या फिरणारं लोह असं धरलं, तर फेरिटिन म्हणजे कोठारातला साठा. साठा संपत आला तरी हिमोग्लोबिन बराच काळ ठीक दिसतं. माझ्या दुसऱ्या वेळी तेच झालं. "हिमोग्लोबिन १२ आहे, सगळं छान आहे," असं ऐकून मी दोनदा घरी परतले. तिसऱ्या वेळी आग्रह धरून फेरिटिन करवलं तर ते ९ होतं. प्रयोगशाळेच्या कागदावर १५च्या आसपासचा आकडासुद्धा कधी कधी ठीक म्हणून छापलेला असतो, पण केस गळत असताना अनेक त्वचारोगतज्ज्ञांना तो ४०च्या वर हवा असतो. आणखी एक: अंगात ताप किंवा सूज असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, तेव्हा आजारपणात ही तपासणी करू नका.

लोह का संपलं, हेही शोधायला हवं. पाळी जायच्या आधीच्या वर्षांत अंगावरून फार जातं. दर तासाला पॅड बदलावा लागणं, मोठ्या गाठी पडणं, सात दिवसांच्या पुढे रक्तस्राव चालणं, हे "या वयात असंच असतं" म्हणून सोडायचं नसतं. ते स्त्रीरोगतज्ज्ञांचं काम आहे, आणि ते थांबवल्याशिवाय लोहाच्या गोळ्या म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी. पाळी जाऊन वर्ष उलटून गेलंय आणि तरीही लोह कमी निघालं तर ते जास्त गांभीर्याने घ्या. रक्त पोटातून किंवा आतड्यातून हळूहळू जात असू शकतं, आणि ते शोधायलाच हवं.

लोहाची गोळी तपासणीशिवाय सुरू करू नका, जास्तीचं लोह शरीरात साठतं. सुरू केली तर चहा, कॉफी आणि कॅल्शियमच्या गोळीपासून लांब ठेवा, त्यांनी ते शोषलं जात नाही. या वयात कॅल्शियम बहुतेकींना चालू असतं आणि लोह, कॅल्शियम, थायरॉईड या तिन्ही गोळ्या एकाच घोटात जातात. थायरॉईडची गोळी तर लोह आणि कॅल्शियम दोन्हींपासून चार तास दूर हवी. मी वेळा नीट केल्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं. फेरिटिन ४४ झाल्यावर दोन-अडीच महिन्यांनी पुंजका लहान व्हायला लागला.

थायरॉईड मंदावला की केस कोरडे, खरखरीत होतात, सगळ्या डोक्यावर सारखे विरळ होतात आणि भुवयांचं बाहेरचं टोक झडतं. थकवा, वजन वाढणं, मरगळ ही लक्षणं पाळी जाण्याच्या लक्षणांशी इतकी मिळतीजुळती आहेत की नुसत्या अंदाजाने दोन्ही ओळखता येत नाहीत. टीएसएचने कळतं.

९. आता पाळीचं नाव घ्या

आठही पायऱ्या झाल्या. भांग मध्यभागी रुंद, पुढची कड शाबूत, त्वचा निरोगी, आणि फोटोंत महिन्यांमागून महिने तोच हळू बदल. हा बायकांमधला नेहमीचा नमुना. १९७७मध्ये त्वचारोगतज्ज्ञ लुडविग यांनी त्याचे तीन टप्पे मांडले, आणि डॉक्टर अजूनही त्याच नावाने बोलतात. पहिला टप्पा असताना उपाय सुरू केला तर बरंच राखता येतं, कारण औषधांचं मुख्य काम आहे ते टिकवणं.

घरी लावता येण्याजोगं आणि खरोखर तपासलं गेलेलं औषध म्हणजे मिनॉक्सिडिल. मूळचं हे रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढलेले दिसले, म्हणून टाळूवर लावून बघितलं गेलं. अमेरिकेत बायकांसाठी २ टक्क्यांचं द्रावण १९९१पासून मान्य आहे, ५ टक्क्यांचा फेस २०१४पासून. द्रावण दिवसातून दोनदा १ मिलिलिटर, फेस दिवसातून एकदा. हृदयविकार असेल, रक्तदाब कमी राहत असेल किंवा गर्भ राहण्याची शक्यता असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पाळी थांबून सलग बारा महिने झाल्याशिवाय ती शक्यता संपत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या ज्या ज्या बायकांनी हे औषध सोडलं, त्यांनी ते चुकीच्या वेळी सोडलं. सुरू केल्यावर दोन ते आठ आठवड्यांत केस आणखी गळू शकतात. बसून राहिलेले जुने केस सुटतात, कारण खाली नवे वाढीला लागलेले असतात. नेमक्या तेव्हा बाई घाबरते आणि बाटली ठेवून देते. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात, पूर्ण अंदाज यायला वर्ष. आणि फरक पडल्यावर बंद केलं तर काही महिन्यांत मिळवलेलं सगळं जातं. वर्षभर रोज जमणार नसेल तर सुरूच करू नका, असं मी स्पष्ट सांगते.

लावताना केस बाजूला सारून थेंब त्वचेवर टाका, केसांवर पडलेलं वाया जातं. झोपण्याच्या दोन तास आधी लावा, नाहीतर उशीवरून चेहऱ्याला लागतं आणि गालावर, कपाळावर लव वाढते. हात धुवा. घरात मांजर असेल तर हे औषध घरी आणण्याआधी दोनदा विचार करा. मांजराने ते चाटलं, अगदी उशीवरून किंवा तुमच्या केसांवरून, तरी तिचा जीव जाऊ शकतो. टाळूला खाज सुटली तर द्रावणाऐवजी फेस बहुधा मानवतो. धडधड, छातीत दुखणं, चक्कर, पायांवर सूज यांपैकी काही झालं तर लगेच बंद करून डॉक्टरांकडे.

याच्या पुढच्या गोष्टी, म्हणजे पोटात घेण्याचं कमी मात्रेतलं मिनॉक्सिडिल, पुरुषी संप्रेरकांचा परिणाम अडवणारी स्पायरोनोलॅक्टोनची गोळी, इंजेक्शनं, केसांचं रोपण, या सगळ्या डॉक्टरांच्या हातातल्या. कोणाच्या सांगण्यावरून गोळी घेऊ नका, स्पायरोनोलॅक्टोन घेताना रक्तातलं पोटॅशियम बघावं लागू शकतं. इस्ट्रोजेनचे संप्रेरक उपचार अंगातली गरमी, घाम, उडालेली झोप यांसाठी दिले जातात, केवळ केसांसाठी ते मागू नयेत.

इथे थांबा

खालचं काही असेल तर घरचा एकही प्रयोग नको. त्वचारोगतज्ज्ञ, आणि तेही याच महिन्यात.

कपाळावरची कड मागे सरकणं. हे मी मुद्दाम पहिलं लिहितेय. पाळी गेलेल्या बायकांमध्ये दिसणारा एक आजार आहे, त्यात केसांच्या मुळाभोवती दाह होतो आणि मुळाच्या जागी व्रण राहतो. ऑस्ट्रेलियातले त्वचारोगतज्ज्ञ स्टीव्हन कोसार्ड यांनी १९९४मध्ये पाळी गेलेल्या सहा बायकांमध्ये त्याचं वर्णन केलं. व्रण पडलेल्या जागी केस पुन्हा येत नाही, आजार लवकर ओळखून थोपवणं एवढंच हातात असतं. ओळखायचं असं: भुवया उंचावून कपाळाला आठ्या पाडा. आठ्या संपतात त्याच्या वर आणि केस सुरू होतात त्याच्या खाली फिकट, गुळगुळीत पट्टा दिसतोय का? त्या पट्ट्यात एखादा एकटा केस मागे राहिलाय का? भुवया आधीच झडल्या होत्या का? पुष्कळ जणी भुवया काढून काढून कमी झाल्या असं समजतात. माझ्याकडच्या एका बाईंच्या बाबतीत मीही दोन वर्षं तसंच समजत होते, आणि त्या दोन वर्षांत गेलेले केस त्यांना परत मिळाले नाहीत.

गुळगुळीत गोल चट्टा, म्हणजे चाई. टाळूला सतत आग, वेदना, पू, खपल्या. चट्ट्यावर केसांची छिद्रंच न दिसणं. मुळाशी डॉक्टर दुर्बिणीने बघतात, गरज पडली तर तांदळाएवढा त्वचेचा तुकडा काढून तपासतात. त्याला घाबरून तारीख पुढे ढकलू नका.

काही महिन्यांतच हनुवटीवर आणि छातीवर राठ केस, आवाज घोगरा होणं, पुरुषांसारखं टक्कल पडणं. बीजकोश किंवा मूत्रपिंडावरच्या ग्रंथींमधून पुरुषी संप्रेरकं फार वाढल्याची ही खूण असू शकते, आणि क्वचित त्यामागे गाठ असते. इथे लगेच जायचं.

पाळी जाऊन बारा महिने झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, थेंबभर का होईना, तर केसांचं नंतर, आधी स्त्रीरोगतज्ज्ञ.

आणि केसांमुळे घराबाहेर पडणं थांबलं असेल, रात्री झोप लागत नसेल, रडू येत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगायचं कारण आहे. "केसांसाठी काय एवढं" असं म्हणून गप्प बसू नका.

जाताना

एका कागदावर लिहून न्या: गळणं कधी सुरू झालं, त्याआधीच्या सहा महिन्यांत काय घडलं, शेवटची पाळी कधी, चालू औषधं आणि गोळ्या मात्रेसकट, आईचे आणि वडिलांकडच्या बायकांचे केस कसे होते. सोबत महिन्यांचे फोटो आणि जुने रक्ताचे कागद. टाळू झाकणारी पावडर, फायबर, तेल, ताजा रंग यांतलं काही लावून जाऊ नका, आणि केस घट्ट बांधून तर नकोच. आदल्या दिवशी डोकं धुवा आणि मोकळ्या केसांनी जा, म्हणजे त्यांना नीट बघता येईल.